ज्या हाताला दुसरे काम नाही

ऊर्जानगर, चंद्रपूर
१० जून २०२४

आदरणीय अंजनाबाई,
सविनय जय भीम.

फोनवरचे आपले बोलणे दरवेळी अर्ध्यावर तुटते आणि तुटलेल्या बोलण्यावर कोणताही निर्णय घेऊ नये, असे माझे मत आहे. म्हणून हे पत्र.

आमच्या वसाहतीच्या संगीत मंडळाचा वार्षिक कार्यक्रम यंदा डिसेंबरात घ्यायचे ठरले आहे. मंडळाचा सचिव या नात्याने मी आपले शेजारी समय्या मास्तर यांना दोन वेळा लिहिले. उत्तर नाही. फेब्रुवारीतल्या कार्यक्रमाला आपण त्यांच्याच गाडीतून सिरोंच्याहून आला होता. तेव्हा त्यांचा काही अनादर झाला असे आपल्या कानावर आले आहे काय? माझ्या समजुतीप्रमाणे तो कार्यक्रम निर्दोष झाला होता.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. आयुष्य लेखा विभागात गेले. कर्नाटक संगीत मला कळते असा दावा मी कधी केला नाही. तरीही त्या दिवशी मास्तरांच्या मृदंगमने माझ्यावर जो परिणाम केला, तो आजही पुसला गेलेला नाही. उजव्या हाताचे बोल स्वच्छ उच्चारलेल्या अक्षरांसारखे सुटे होते. डाव्या हाताचा घुमार कानांत येण्याआधी खुर्चीच्या पाठीतून अंगात येत होता. गायिका ललिताम्मा स्वर लांबवीत तेव्हा ते मागे सरत, आणि त्या श्वास घेत तेवढ्या फटीत हलकेच काही ठोके ठेवून देत. उघड्या दारातून आत न येता कोणी उंबऱ्यावर वाटी ठेवून जावे तसे.

पुढे ललिताम्मा गायच्या थांबल्या आणि मृदंगम एकटाच वाजू लागला. कार्यक्रमपत्रिकेनुसार ती सत्काराची वेळ होती. मी शाल आणि श्रीफळ घेऊन मंचावर गेलो व मास्तरांच्या खांद्यांवर शाल घातली. त्यांनी वादन थांबवून हात जोडले. आमच्याकडे सत्कार इतका वेळेवर क्वचितच होतो.

तरी कृपया चौकशी करून कळवावे. सौ. साक्षीचा आपल्याला नमस्कार.

आपला,
गुलाब

---

सिरोंचा
२४ जून २०२४

गुलाब,
जय भीम.

पत्र भेटलं. अक्षर अजून तसंच आहे तुहं, प्रार्थनेले उभ्या केलेल्या पोराइसारखं. मी शाळेतून निवृत्त झाली, पण तुह्या ओळी सुटल्या नाई.

आता ऐक. पखवाजाले कणीक लावते ना, तसा मास्तर मृदंगमच्या डाव्या तोंडाले रवा भिजवून लावते. त्याच्यानंच तो घुमार येते. वाजवणं झालं का खरवडून काढते, दुसऱ्या दिवशी नवा. हा रवा माह्या घरून जाते. रोज सकाळी मास्तर वाटी घेऊन दारात, "अक्का, रवा." फेब्रुवारीपासून वाटी आली नाई. मृदंगम घोंगडीत बांधून माळ्यावर ठेवला आहे.

पयले मले वाटलं, तब्येत असंन. मंग एक दिवस विचारलंच, "मास्तर, माह्या रव्यात अळ्या निघाल्या का?"

हसले नाईत. म्हणाले, "अक्का, ऊर्जानगरला पहिल्या रांगेत एक माणूस बसला होता. बोटांवर ताल धरून. तनी आवर्तनम चालू होतं, मृदंगमवाल्याची एकट्याची वेळ. आणि मी चुकलो. माझा ठोका एकीकडे, त्याची टाळी दुसरीकडे. त्यानं पकडलं. दुसरा असता तर शेजाऱ्याला कोपर मारला असता. हा उठला, आणि सगळ्यांच्या लक्षात यायच्या आत माझ्यावर शाल घातली. चूक झाकली माझी. एवढा जाणकार, आणि एवढं मोठं मन. त्याच्यापुढं चुकल्यावर आता काय वाजवायचं?"

म्या म्हटलं, "मास्तर, तो तं आमचा गुलाब." तवापासून तुहं नाव निघालं का मास्तर कानाच्या पाळीले हात लावते, गुरूच्या नावाले लावते तसा.

आता तू मले सांग, तू कवापासून एवढा जाणकार झाला? शाळेत "खरा तो"च्या टाळ्या सगळ्याइच्या झाल्यावर तुह्या पडे.

तुही,
अंजनाबाई

---

ऊर्जानगर
८ जुलै २०२४

आदरणीय अंजनाबाई,
सविनय जय भीम.

आपले पत्र मी एकट्याने वाचले आणि नंतर साक्षीला वाचून दाखवले. समय्या मास्तरांसारख्या वादकाने माझ्याविषयी असे उद्गार काढावेत, हे मी माझे भाग्य समजतो. शालेय प्रार्थनेचा दाखला येथे गैरलागू आहे. काही जाण माणसात सुप्त असते आणि योग्य कलावंत समोर आला की ती आपोआप जागी होते, असे आता मला वाटू लागले आहे.

तथापि, एवढ्यावरून त्यांनी वादन सोडणे उचित नाही. माझ्या वतीने त्यांना सांगावे, किंवा हे पत्रच दाखवावे, की झालेली चूक अगदी किरकोळ होती. सभागृहातल्या सर्वसाधारण श्रोत्यांच्या ती लक्षातही आली नाही. मी ती केव्हाच मनातून काढून टाकली आहे. वयोमानाने असे होणारच. डिसेंबरात त्यांनी निःशंक मनाने यावे.

आपला,
गुलाब

---

सिरोंचा
१२ ऑगस्ट २०२४

गुलाब,

महिनाभर लिहिलं नाई, कारण आलापल्लीकडचा रस्ता बंद होता अन् माहं डोकंही ठिकाणावर नव्हतं.

तुहं पत्र म्या मास्तरले दाखवलं. तू सांगितलं म्हणून. भिंग लावून त्याइनं सगळं वाचलं अन् घडी करून मले परत देलं. म्हणाले, "पाहा अक्का, मनात एक शंका होती, कदाचित मी चुकलोच नसेन. आता सही-शिक्क्यानं आलं." दुसऱ्या दिवशी असरअल्लीच्या भजन मंडळीले निरोप गेला: पोळ्याले या अन् मृदंगम घेऊन जा. तुह्या माफीनं हे काम केलं, बाबू.

आता जे लिहून राह्यली ते न लिहायचं वचन म्या मास्तरले देलं होतं. ते मोडते. मास्तरले ऐकू येत नाई. दोन वर्सांपासून कमी होत होत आता गाणाऱ्याचा आवाज त्याच्यालोक पोचतच नाई. मृदंगम त्याले मांडीतून अन् तळहातातून समजते. बाकीचं डोळ्यानं, आपलं बोलणंही ओठ पाहून. गाणारीचा हात मांडीवर ताल धरते, तो पाहून वाजवते. कोणाले पत्ता लागला नाई.

तुह्या कार्यक्रमात काय झालं? ललिताम्माच्या अन् मास्तरच्या मधात तुम्ही लोकाइनं फुलाइचा हा एवढा ताटवा उभा केला. तिचं तोंड दिसे, हात दिसे ना. मंग बिचाऱ्यानं समोर पाहिलं. तिथी पयल्या रांगेत एक हात चालून राह्यला होता. अंगठा करंगळीपासून बोटाइवर जाय, अन् मंग मांडीवर थाप. मास्तर त्या हाताच्या मागं गेला.

मी तुह्या मांगच्याच रांगेत होती, गुलाब. तो हात म्या पाहिला. अन् असाच हात म्या तू सात-आठ वर्सांचा असतानी पाहिला आहे, तुह्या आबाजीच्या संगं तेंदूपत्त्याचे पुडे मोजतानी. पेरं संपले का मांडीवर थाप.

खरं सांग. तू ताल धरत होता का काई मोजत होता?

फोन करू नको. त्याले ऐकू येत नाई, अन् माह्या तोंडून गेलं तं म्हणंन, अक्का कीव करून राह्यली. तुह्या हातचं लिहून पाठव. पोळ्याच्या आत.

अंजनाबाई

---

ऊर्जानगर
१९ ऑगस्ट २०२४ (स्पीड पोस्टाने)

आदरणीय अंजनाबाई,

पोह्यांच्या प्लेटा मोजत होतो.

सोबतचे पत्र मास्तरांना द्यावे. रस्ता पुन्हा बंद पडला असेल, तर ते पोचेपर्यंत असरअल्लीच्या मंडळींना काहीही सांगून थोपवावे. आपल्याला काय सुचेल ते मी सुचवू नये.

गुलाब

(सोबतचे पत्र)

आदरणीय समय्या मास्तर यांस,
सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात मी आपल्याला कळवले की आपली चूक किरकोळ होती. ते विधान मी मागे घेतो. आपली चूक झालेलीच नव्हती.

वस्तुस्थिती अशी. कार्यक्रमानंतर तर्री-पोहे द्यायचे होते. मंडळाचे नथ्थूभाऊ दाराशी उभे राहून आत येणाऱ्यांकडे मला खूण करीत होते आणि मी बोटांच्या पेरांवर माणसे मोजीत होतो. एक हात भरला की मांडीवर थाप मारायची, ही माझी लहानपणापासूनची सवय. कोणी आले नाही तर माझा अंगठा थांबे. एखादे कुटुंब एकदम आत आले तर तो धावे. मध्येच काहीजण गाणे संपले असे समजून उठले, तेव्हा मी मोजणी उलटीही केली. ज्या हाताला आपण ताल समजलात, त्याच्यात ताल नव्हता. तो अडीचशे प्लेटांचा अंदाज होता.

आणि शाल मी आपली चूक झाकण्यासाठी घातली नाही. गायिका थांबल्या म्हणजे कार्यक्रमात खंड पडला असे मला वाटले आणि पत्रिकेत सत्कार लिहिला होता. मृदंगमवादकाचे सर्वांत मोलाचे वादन त्याच क्षणी सुरू होते हे मला आपल्या अक्कांच्या पत्रातून कळले. फुलांचा ताटवाही मीच मागवला होता.

आपण मला जाणकार म्हणालात. तो शब्द मी महिनाभर जवळ ठेवला. तो माझा नाही, म्हणून परत करतो. माझ्यामुळे आपण वाद्य सोडू नये, एवढीच विनंती.

आपला नम्र,
गुलाब रामटेके

---

सिरोंचा
१० सप्टेंबर २०२४

गुलाब,
जय भीम.

तुहं पत्र पोळ्याच्या दोन दिवस आधी आलं. पोस्टमन चिखलात भरून आला, त्याले चहा पाजला.

मास्तरनं वाचलं. पुन्हा वाचलं. मंग मले विचारलं, "अक्का, तर्री-पोहे म्हणजे तेच ना, आपण शेवटी खाल्ले ते?" म्या मान हलवली. तवा जो हसाले लागला माणूस, पोट धरून, डोळ्यात पाणी. "तरीच. तरीच. मी म्हणत होतो हा कोणता ताल आहे? एकदा लांब, एकदा आखूड, एकदा उलटा. मला वाटलं कोणीतरी मोठा विद्वान आहे, अवघड ताल धरून माझी परीक्षा पाहतो. मी त्याच्यातही बसवत होतो, अक्का. पोह्यात." सुनेले बोलावून सांगितलं, नातवाले सांगितलं.

संध्याकाळी मातर राग आला. "एवढे महिने. एवढे महिने मी हात बांधून बसलो, प्लेटांपायी." दोन दिवस माह्याशीही बोलले नाईत, कारण कानाचं म्या फोडलं हे त्याइले समजलं. तुह्या पत्रातली ती फुलाइची ओळ वाचून समजलं. म्या कबूल केलं. म्हणाले, "बरं झालं. लपवून लपवून मान दुखली."

पोळ्याच्या दिवशी असरअल्लीवाले आले. मास्तर त्याइले म्हणे, "बसा, जेवण करून जा. मृदंगम नाही भेटणार." ते चिडले, पण पुरणपोळी खाऊन गेले.

अन् दुसऱ्या दिवशी सकाळी दारात वाटी. "अक्का, रवा."

माह्या हातातून अर्धा खाली सांडला.

आता मास्तरचा निरोप, जसाच्या तसा (गारू म्हणजे तेलुगूत राव): "गुलाबगारूंना लिहा, माझी लय गेली नाही हे तुमच्यामुळं समजलं. पण कान गेले ते गेलेच. ललिताम्मा स्वतः गाते, गाता गाता तिचा हात हवेत जातो. मला असा हात पाहिजे ज्याला दुसरं काही काम नाही. तुमचा अंगठा मी पाहिला आहे. अडखळायचा, पण दमत नव्हता. फक्त पोह्यांच्या मागं होता. शिकणार का?"

आदि ताल सांगते, मास्तरनं सांगितला तसा. मांडीवर टाळी. मंग करंगळी, अनामिका, मधलं बोट. मंग टाळी अन् हात उलटा. पुन्हा टाळी अन् हात उलटा. बस. पुन्हा पयल्यापासून. घाई नाई, आराम नाई.

अंजनाबाई

---

ऊर्जानगर
१८ नोव्हेंबर २०२४

आदरणीय अंजनाबाई,
सविनय जय भीम.

आपण लिहिलेला ताल मी कंपनीच्या बसमध्ये जाता-येता मांडीवर धरतो. दोन टाळ्यांमधले अंतर समान ठेवणे हे वाटते त्याहून कठीण काम आहे. मन प्रसन्न असले की हात पुढे धावतो, विभागप्रमुखांनी बोलावले असले की मागे पडतो. माझ्या स्वभावातली इतकी अनियमितता मला आजवर ठाऊक नव्हती. शेजारी बसणारे सहकारी प्रथम मी सुट्ट्या मोजतो असे समजले. आता तेही नकळत बोटे हलवतात आणि माझ्याआधी चुकतात.

साक्षीने मोबाइलवर मृदंगमची ध्वनिमुद्रणे लावून दिली. त्यांवर मी ताल धरू लागलो. वादक सरळ चालतो तोवर माझे ठीक असते. तो आडवळणाने गेला की माझा हात त्याच्या मागे धावतो आणि सर्व कोसळते. दोन महिन्यांत एकदाही मी शेवटपर्यंत टिकलो नाही. मास्तरांना हे स्पष्ट सांगावे. पुन्हा एकदा त्यांना खोट्या हाताच्या भरवशावर बसवणे मला मान्य नाही. मंडळाने ललिताम्मांना बोलावले आहे, आणि त्यांच्यासोबत दुसरा वादक आणण्याची त्यांची तयारी आहे.

आपला,
गुलाब

---

सिरोंचा
२ डिसेंबर २०२४

गुलाब,
जय भीम.

दुसरा वादक नको. मास्तरनं ललिताम्माले स्वतः चिठ्ठी लिहून कानाचं सांगितलं. तिचं उत्तर आलं, "मला दोन वर्षांपासून माहीत आहे, म्हणून तर हात मोठा हलवते." घ्या. सगळ्याइले सगळं माहीत होतं, फक्त फुलाइच्या ताटव्याले माहीत नव्हतं.

तुहं पत्र वाचून मास्तर खूश झाले. म्हणाले, "बागुंदी, छान. ज्याला आपण कुठं पडतो ते समजते, त्याला अर्धं आलं." अन् हे सांगितलं, नीट वाच: "मी आडवळणानं जाईन तेव्हा माझ्यामागं यायचं नाही. मी जातो, कारण तुम्ही तिथंच आहात. तुम्हीही निघालात तर मी परत कुठं येऊ?"

माह्या गुडघ्यानं दगा देला, म्हणून मी येत नाई. मास्तरसंगं रव्याचा डबा पाठवून राह्यली. चंद्रपूरचा रवा त्याले चालत नाई, म्हणते जाड राह्यते. कार्यक्रम झाला का मले सगळं लिही. अन् फुलं कमी आण.

तुही,
अंजनाबाई

---

ऊर्जानगर
२३ डिसेंबर २०२४

आदरणीय अंजनाबाई,
सविनय जय भीम.

कार्यक्रम काल झाला. आपण सगळे लिहायला सांगितले, म्हणून क्रमाने लिहितो.

फुले आणली नाहीत. ललिताम्मा मध्यभागी, मास्तर त्यांच्या उजवीकडे. मास्तरांनी मला मंचावर बोलावले आणि स्वतःसमोर, श्रोत्यांकडे पाठ करून बसवले. आजवर कोणत्याही कार्यक्रमात मी सभागृहाकडे पाठ केलेली नव्हती. कोण आले, कोण गेले, पंखे सुरू आहेत की नाहीत, काहीच दिसत नव्हते. त्यांनी आपल्या डब्यातला रवा कालवून डाव्या तोंडावर बसवला, तळहाताने एकदा ठोकून पाहिले, आणि मला म्हणाले, "गुलाबगारू, आज पोहे नाहीत."

गायनाच्या वेळी माझा हात ठीक चालला. एक-दोनदा ललिताम्मांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. ती संमती होती की सौजन्य, हे मी ठरवू शकत नाही.

मग त्या थांबल्या. मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज मी ऐकला. काही मंडळी सवयीप्रमाणे उठत होती. ललिताम्मांनी ध्वनिक्षेपकावर मराठीत सांगितले, "गाणे संपले नाही. आता गाणे यांच्या हातात आहे." खुर्च्या परत सरकल्या.

सुरुवातीला मास्तर माझ्या टाळीला धरून चालले, एखादा वडीलधारा मुलाच्या पावलाने चालतो तसे. मग त्यांनी टाळीच्या किंचित अलीकडे ठोके टाकायला सुरुवात केली, मग पलीकडे, मग टाळी येते तिथे मुद्दाम मौन. उजव्या हाताची अक्षरे इतकी दाट झाली की माझी करंगळी कोणती आणि अनामिका कोणती, हे मला डोळ्यांनी पाहावे लागले. एका क्षणी माझी खात्री झाली की आमच्यापैकी एकजण चुकला आहे, आणि तो मी असण्याचीच शक्यता अधिक आहे. माझा हात त्यांच्यामागे निघाला होता. मी मास्तरांकडे पाहिले. ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत नव्हते. त्यांचे डोळे फक्त माझ्या हातावर होते. नदी ओलांडणारा पलीकडच्या काठावरचे झाड नजरेत धरून ठेवतो तसे. मी हात जागच्या जागी ठेवला.

नेमके तेव्हाच मंचाच्या कडेने नथ्थूभाऊ माझ्या कानाशी आले. "गुलाबभाऊ, माणसं लय वाढून राह्यली. पोहे किती लावू? आकडा सांगा."

मी मधले बोट टेकवले.

"भाऊ, काऊन बोलत नाई? नुसती मान तं हलवा."

मानही हलवली नाही. मान हलली असती तर टाळी हलली असती. ते काहीतरी पुटपुटले आणि गेले.

मास्तर कुठून कुठे गेले हे मला सांगता येणार नाही. पण ते परतू लागले हे मला कळले. डाव्या हाताचा तो घुमार खालून भरत आला, मंचाच्या फळ्यांमधून माझ्या मांडीत शिरला, आणि मग तेच बोल तीनदा, प्रत्येक वेळी घराच्या अधिक जवळ. शेवटी माझी टाळी आणि त्यांचा ठोका पडले. आवाज दोन आले नाहीत, एकच आला.

त्यांनी मान खाली घातली आणि हात क्षणभर कातड्यावर तसाच ठेवला. ललिताम्मांनी त्याच जागेवरून गाणे उचलले. सभागृहात टाळ्या झाल्या. मास्तरांना त्या ऐकू आल्या नसाव्यात, म्हणून मी मागे बोट दाखवले. त्यांनी वर पाहिले आणि बराच वेळ पाहत राहिले.

त्यांनी पुढच्या वर्षाची तारीख आताच मागून घेतली आहे. मला मिश्र चापू नावाचा ताल शिकायला सांगितला आहे; तो आदि तालापेक्षा लंगडा आहे आणि म्हणून अधिक देखणा, असे ते म्हणतात. तो आपण लिहून पाठवावा.

आज मंडळाच्या बैठकीचे इतिवृत्त मी नेहमीप्रमाणे स्वतः लिहिले. त्यातली शेवटची नोंद आपल्या माहितीसाठी उतरवतो: "अल्पोपाहार अपुरा पडला. मंडळाच्या इतिहासात असे प्रथमच घडले. सचिव त्या वेळी मोजणीस उपलब्ध नव्हते." नथ्थूभाऊंनी त्याखाली "खेदजनक" असा शब्द घालायला सांगितला होता. मी तो घातला नाही.

आपला,
गुलाब